व्हायोलिन-शिक्षणातील स्वरमालिका : एक टिपण

अमरावती-अकोल्याकडील व्हायोलिनचा विद्यार्थी अलंकारांवर दीर्घकाळ अडकतो आणि मग एकदम गतीकडे ढकलला जातो, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. वास्तविक मधली पायरी जुनीच आहे. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’त रागवार स्वरमालिका दिल्या. या छोट्या, तालबद्ध रचना गळ्यासाठी असल्या, तरी त्यांत काव्य नसल्याने वाद्यालाही त्या मानवतात. युरोपात फ्रांझ व्होलफार्ट (१८३३-१८८४) यांच्या ६० लघुरचनांनी हेच कार्य केले. मात्र तेथे गजाच्या खुणाही छापल्या जातात. भातखंडे-लिपीत मींड व कण यांना चिन्ह आहे, गजाला नाही.

ही उणीव किरकोळ नव्हे. भूपात धैवतावरून पंचमावर मींडेने येताना गज मध्येच वळला, तर मींड तुटते. गायक-वादक पं. गजाननराव जोशी (१९११-१९८७) यांच्या परंपरेत गायकी व्हायोलिनवर उतरली, ती गुरूच्या हाताकडे पाहून. वऱ्हाडातील जुन्या शिक्षकांच्या वह्यांत स्वरांवर पेन्सिलीने केलेल्या गजाच्या खुणा असतील, तर संगीतेतिहासाच्या दृष्टीने ती अस्सल साधने होत. त्यांचे संकलन अद्याप अभ्यासकांच्या विषयपत्रिकेवर आलेले दिसत नाही. वह्या मात्र रद्दीत जात आहेत.