मूर्तिजापूरचं ठेसन आणि आमच्या पाण्याचा घडा

मला इतिहास कोणी शिकवला नाही. गिरणीची पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे वाचलं आणि आजीच्या तोंडून जे ऐकलं, ते जुळवून लिहितो.

1853 साली इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड ताब्यात घेतलं. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली. तिथला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा साहेबाची नजर आपल्या काळ्या मातीवर पडली. 1867 ला जी.आय.पी. रेल्वे अकोला, मूर्तिजापूर, बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. 1870 ला खामगावच्या कापूसबाजारासाठी वेगळी फांदी काढली. पुढं किलिक निक्सनच्या कंपनीनं मूर्तिजापुराहून अडीच फुटी रूळ टाकले, एक अचलपूरला, एक यवतमाळला. मिळून जवळजवळ 190 किलोमीटर. हीच शकुंतला. मँचेस्टरला 1921 साली घडवलेलं वाफेचं इंजिन तिला 1994 पर्यंत ओढत होतं. देश स्वतंत्र झाला तरी लाइन कंपनीच्याच मालकीची राहिली.

मुंबईला ट्राम होती, ती 31 मार्च 1964 ला बंद झाली. आमची ट्राम म्हणजे शकुंतला. चाल हळू, तिकीट स्वस्त. आजी तिच्यातूनच वेचणीला जायची. म्हने, "गाडी कापसासाठी होती रे बापा, आमी उरल्या जागेत बसो."

रेल्वेनं जात मोडली असं शिकलेले लोक सांगतात. तिकिटावर जात नव्हती, हे खरं. पण ठेसनावर होती. आजीच्या सासऱ्याला एका ठेसनावर घड्याला हात लावू दिला नाही. वरून ओतलं ते त्यानं ओंजळीत प्यालं. 1901 साली लहानगे भीमराव भाऊ-भाच्यांसोबत मसूर स्टेशनवर उतरले. पोरं महाराची आहेत कळताच स्टेशनमास्तर मागं सरला. गाडीवाले न्यायला तयार होईनात. दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही गाडी पोरांनीच हाकायची या अटीवर. रात्रभर पाणी मिळालं नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे.

मार्च 1927 ला त्यांनी महाडच्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच वर्षी 13 नोव्हेंबरला ते अमरावतीत वऱ्हाडच्या अस्पृश्य परिषदेचे अध्यक्ष होते. प्रश्न अंबादेवीच्या मंदिराचा होता. डबा एक झाला म्हणून घडा एक झाला नाही, देऊळही नाही. त्यासाठी माणसांना उभं राहावं लागलं.

आता शकुंतला बंद आहे. 2016 ला रुंद रुळांची घोषणा झाली. लोक अजून वाट पाहतात. तिच्यावर लिहिणारे इंजिनाचं साल लिहितात, किती गाठी गेल्या ते लिहितात. त्या गाठीतला कापूस वेचणारीचं नाव कोणी लिहीत नाही.

दोस्तहो, तुमच्या आजीला विचारा, ठेसनावर ती पाणी कुठं प्यायची. सांगेल ते लिहून ठेवा. ती गेली की तेही जाईल.