सहशिक्षक : एक शब्द आणि एक वर्ग

(ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात)

१

एका वर्गाला एकाहून अधिक शिक्षकांनी मिळून शिकवावे, ही कल्पना अलीकडे नवी म्हणून सांगितली जाते. मार्च २०२० मध्ये साथीच्या कारणाने शाळा-महाविद्यालये बंद झाली, त्या महिन्याच्या २३ तारखेपासून उपनगरी लोकलही थांबल्या, आणि ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील अध्यापकवर्गास, ज्याचे वेळापत्रक पिढ्यानपिढ्या रेल्वेच्या वेळापत्रकाला बांधलेले होते, घरी बसून ऑनलाइन वर्ग चालवावे लागले. त्या वर्गाच्या यंत्रणेत ‘को-टीचर’ नावाची एक जागा आयतीच होती. तिला मराठीत सहशिक्षक म्हणावे, हे कोणी न ठरविताच ठरून गेले.

या शब्दाच्या आश्रयाने अध्यापनातील सहकार्याचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. वर्ग वाटून घेणे ही गोष्ट जुनीच आहे. प्रत्येक काळी तिचे यश अवलंबून राहिले ते पाठ कोणी घ्यावयाचा यापेक्षा मूल कोणाच्या जबाबदारीवर आहे या प्रश्नाच्या उत्तरावर, असे लेखकाचे प्रतिपादन आहे.

२

प्रथम शब्दाचा विचार करू. एका गुरूजवळ शिकणाऱ्यांसाठी संस्कृतात सहाध्यायी, सतीर्थ्य, सब्रह्मचारी असे एकाहून अधिक शब्द आहेत. एका शिष्याला मिळून शिकविणाऱ्या दोघांसाठी तितका रूढ शब्द आढळत नाही. शिक्षकांतील भेद मात्र परंपरेने काटेकोरपणे नोंदविला आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आचार्य आणि उपाध्याय यांची लक्षणे दिली आहेत. शिष्याचे उपनयन करून त्याला समग्र वेद शिकवितो तो आचार्य, आणि वेदाचा एखादा भाग किंवा वेदांगे उपजीविकेसाठी शिकवितो तो उपाध्याय. हा भेद केवळ विद्वत्तेचा नव्हे. एकावर शिष्याचा सबंध भार असतो, तर दुसऱ्यावर फक्त एका अंशाचा, आणि तोही वेतनापुरता.

मराठीतील ‘सह’ या पूर्वपदाची गंमत अशी की त्यात दोन्ही अर्थ नांदतात. सहखातेदार, सहआरोपी या शब्दांत ते समान हक्काचे वा समान दायित्वाचे वाचक आहे. सहसंपादक या शब्दात मात्र ते मुख्य संपादकाहून खालच्या पायरीचा बोध करून देते. शाळेच्या व्यवहारात ‘सहशिक्षक’ हा शब्द दुसऱ्या प्रकारात मोडतो. मुख्याध्यापक नव्हे तो सहशिक्षक. म्हणजेच सेवाशर्तींच्या परिभाषेतील सहायक शिक्षक. एकाच वर्गात दोघांनी मिळून शिकविणे हा अर्थ त्यात मुळीच नव्हता. २०२० मध्ये हाच शब्द ‘को-टीचर’ या अर्थी वापरला जाऊ लागला, तेव्हा सहायकाचा अर्थ आणि भागीदाराचा अर्थ एकमेकांत मिसळले. पुढील गोंधळाचे एक मूळ येथे आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

३

जुन्या पंतोजीच्या शाळेत शिक्षक एकच, मुले मात्र निरनिराळ्या पायऱ्यांवरची असत. धुळाक्षरे गिरविणारा आणि पावकी-निमकी म्हणणारा एकाच पडवीत बसे. पंतोजीस हे निभावे, कारण पुढे गेलेली मुले मागील मुलांना शिकवीत. हीच रीत मद्रासेकडे पाहून अँड्र्यू बेल याने १७९७ मध्ये लंडनमध्ये पुस्तकरूपाने मांडली. जोसेफ लँकेस्टरने तिच्याशी मिळतीजुळती पद्धत तेथे चालविली. आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तीच पद्धत सुधारणा म्हणून या देशी परत आली. घरचीच वस्तू परदेशी शिक्का घेऊन आली, इतकेच. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की, शिकविण्याचे काम वाटले गेले, तरी जबाबदारी वाटली गेली नाही. मुलाचा बाप पंतोजीलाच विचारी. पुढच्या पोराला नव्हे.

इंग्रजी पद्धतीच्या माध्यमिक शाळा आल्या, तेव्हा ही एकसंध जबाबदारी प्रथमच फुटली. विषयाविषयांचे तास पडले, दर तासाला वेगळा शिक्षक वर्गात येऊ लागला. अशा व्यवस्थेत मूल सर्वांचे आणि म्हणून कोणाचेच नाही, असे होण्याचा धोका होता. त्यावर शाळांनी जो उपाय योजला, त्याचे महत्त्व आपण सहसा ओळखत नाही. तो उपाय म्हणजे वर्गशिक्षक. विषयशिक्षक कितीही असोत, हजेरीपट एकाच्या हाती राहिला. मूल चार दिवस आले नाही, फी थकली, गुण एकाएकी घसरले, तर विचारणा करावयाची ती वर्गशिक्षकाने. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळ १९३५ मध्ये स्थापन झाले, कल्याणात बिर्ला महाविद्यालय १९७२ मध्ये निघाले. असा शिक्षणसंस्थांचा पसारा या पट्ट्यात वाढत गेला. शाळांनी वर्गशिक्षक कायम ठेवला. महाविद्यालयांत मात्र ही जागा पुसट होत गेली.

लोकवस्ती वाढली आणि जागा अपुरी पडू लागली, तेव्हा या परिसरातील पुष्कळ शाळा सकाळ व दुपार अशा दोन अधिवेशनांत भरू लागल्या. खोली एक, बाके तीच, फळाही तोच; सकाळचे शिक्षक निराळे आणि दुपारचे निराळे. हेही एक प्रकारचे सामायिक वर्गजीवनच होय. पण येथे वाटली गेली ती खोली, मुले नव्हे. त्यामुळे या व्यवस्थेतील वाद फळा पुसला की नाही, कपाटाची किल्ली कोठे ठेवली, इतपतच राहिले.

४

खऱ्याखुऱ्या सहअध्यापनाचे उदाहरण पाहावयाचे, तर शहराबाहेर, जुन्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकास जावे लागते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत बोर्डी व कोसबाड ही गावे ठाणे जिल्ह्यातच होती. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्यांना अनुताई वाघ (१९१०–१९९२) येऊन मिळाल्या. दोघींच्या वयात अठरा वर्षांचे अंतर होते. दोघींनी मिळून सुमारे अठ्ठावीस वर्षे काम केले. पुढे हे कार्य आदिवासी वस्तीत, कोसबाडच्या टेकडीवर हलविण्यात आले.

या कार्यातील एक अनुभव आपल्या विषयाशी निकटचा आहे. वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ हा शब्द असा रुजला. २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेबरोबर तो देशभर गेला, आणि मराठीतून अन्य भारतीय भाषांच्या व्यवहारात पोहोचलेल्या आधुनिक शब्दांत त्याने मानाचे स्थान मिळविले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. धाकट्या भावंडांना सांभाळावे लागते म्हणून थोरली मुले शाळेस मुकत. यासाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ आकारास आली.

विकासवाडीची रचना सहकार्याच्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. पाळणाघर सांभाळणारी, बालवाडी घेणारी आणि प्राथमिक वर्गास शिकविणारी यांची कामे भिन्न. पण एकीचे काम थांबले की दुसरीचे थांबावयाचे, कारण पाळण्यातील मूल आणि वर्गातील मूल एकाच घरचे. येथे जबाबदारीचे माप विषय किंवा तास हे नव्हते. ते कुटुंब होते. ताराबाई व अनुताई यांच्यातील नाते ज्येष्ठ-कनिष्ठांचे होते, त्यात शंका नाही. पण कनिष्ठेचे नाव ज्येष्ठेच्या नावाखाली झाकले गेले नाही. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. आणि आज कोसबाड म्हटले की दोन्ही नावे बरोबरच उच्चारली जातात. ‘सह’ या पदाचे दोन्ही अर्थ येथे परस्परविरोधी ठरले नाहीत.

याच जातीचे, परंतु अप्रसिद्ध असे दुसरे उदाहरण मुरबाड-शहापूरकडील लहान गावांतील द्विशिक्षकी शाळांत सापडते. शिक्षणहक्क कायद्याने (२००९) प्राथमिक शाळेत साठ विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षकांचे प्रमाण घालून दिले आहे. दोघांत सर्व इयत्ता वाटलेल्या असतात, आणि एक जण बैठकीस वा प्रशिक्षणास गेला की दुसऱ्याकडे सारीच शाळा येते. तेथे दुसऱ्याचा वर्ग ‘माझा नाही’ असे म्हणण्याची सोयच नसते.

५

आता २०२० कडे वळू. जून महिन्यात नवे शैक्षणिक वर्ष ऑनलाइन सुरू झाले, आणि २ जुलैपासून ठाणे व कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांच्या क्षेत्रांत पुन्हा कडक टाळेबंदी आली. अशा स्थितीत ‘गुगल क्लासरूम’सारख्या साधनांनी शिक्षणाचा धागा तुटू दिला नाही, हे कृतज्ञतापूर्वक नमूद केले पाहिजे. २०१४ मध्ये निघालेल्या या साधनात एका वर्गास वीसपर्यंत शिक्षक असू शकतात. जो वर्ग निर्माण करतो तो त्याचा मालक; बाकीचे सहशिक्षक. सहशिक्षकाला पाठ लावता येतो, उत्तरे तपासता येतात, विद्यार्थी घेता वा वगळता येतात. मालकाला वगळणे किंवा वर्ग नष्ट करणे मात्र त्याच्या अधिकारात नसते. मालकी दुसऱ्यास देता येते, पण घेणाऱ्याने ती स्वीकारावी लागते.

या व्यवस्थेने अध्यापकांच्या भाषेत जे प्रयोग रूढ केले, त्यांतील एक विशेष बोलका आहे. ‘हा क्लास कोणाच्या नावावर आहे?’ हा प्रश्न गेल्या काही वर्षांत प्रस्तुत लेखकाने सहकाऱ्यांच्या तोंडी वारंवार ऐकला आहे. ‘नावावर असणे’ हा प्रयोग जमिनीचा, घराचा, सातबाऱ्याचा. वर्ग ‘माझ्याकडे’ असतो, असे पूर्वी म्हणत. ‘माझ्याकडे’ या प्रयोगात सांभाळ सूचित होतो. ‘माझ्या नावावर’ यात मालकी. यंत्रातील शब्दयोजना किती लवकर बोलण्यात उतरते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. यंत्राने मालकीचा प्रश्न निःसंदिग्धपणे सोडविला. हजेरीपटाचा प्रश्न तसाच ठेवला. तीन शिक्षक एका वर्गात आहेत. एक विद्यार्थी महिनाभर काहीच पाठवीत नाही. तिघांनाही ते दिसते, आणि तिघांनाही वाटते की दुसऱ्याने चौकशी केली असेल. घरात एकच मोबाइल असलेल्या तीन भावंडांपैकी धाकट्याचे शिक्षण तुटते ते अशा जागी. पुन्हा, विद्यार्थी एखाद्या गृहपाठाखाली शिक्षकास खासगी म्हणून जे लिहितो, ते त्या वर्गातील सर्वच शिक्षकांना वाचता येते. विश्वासाने एका बाईंना लिहिलेली घरची अडचण आणखी दोघांपर्यंत पोहोचते, याची जाणीव मुलास बहुधा नसते.

दुसरा प्रश्न अध्यापकाचा आहे. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. सामान्यतः वर्ग ज्येष्ठाच्या नावावर असतो; टिपणे, प्रश्नसंच, ध्वनिमुद्रित व्याख्याने मात्र पुष्कळदा तासिकेवरील सहशिक्षकाने तयार केलेली असतात. वर्ष सरते, नेमणूक संपते, त्याचे संस्थेचे खाते बंद होते. मग एक तर त्याचे साहित्य त्याच्या नावावाचून पुढील वर्षी वापरले जाते, किंवा ते वेळीच दुसऱ्याकडे सोपविले नसेल तर खात्याबरोबर नाहीसे होते. पहिल्यात त्याची हानी आहे, दुसऱ्यात विद्यार्थ्यांची. आचार्य व उपाध्याय यांचा जो भेद जुन्या स्मृतिकारांनी नोंदविला, तो नव्या वेषात आपल्यापुढे उभा आहे. फरक इतकाच की आज समग्र भार पुष्कळदा उपाध्यायावर असतो आणि पद आचार्याकडे.

६

ऑनलाइन वर्ग साथीबरोबर संपला नाही. शाळा-महाविद्यालये पुन्हा भरू लागल्यावरही गृहपाठ, सूचना, टिपणे यांसाठी तो अनेक ठिकाणी चालू राहिला. म्हणून वरील प्रश्नांस केवळ ऐतिहासिक महत्त्व आहे असे नव्हे.

मागील दोन शतकांचा आढावा घेता असे दिसते की सामायिक वर्ग टिकला तो दोनच प्रकारांनी. एक तर कोसबाडप्रमाणे किंवा द्विशिक्षकी शाळेप्रमाणे सहकारी एकमेकांच्या इतके सन्निध होते की जबाबदारी लिहून ठेवण्याची गरजच नव्हती. किंवा माध्यमिक शाळेप्रमाणे, सान्निध्य नसल्यामुळे, ती वर्गशिक्षकाच्या रूपाने स्पष्टपणे एकावर सोपविली होती. ऑनलाइन वर्गात सान्निध्य नाही आणि वर्गशिक्षकही नाही. एक सहकारी ठाण्यात, दुसरा डोंबिवलीत. भेट होते ती पडद्यावर. तेव्हा दुसरा मार्गच पत्करणे प्राप्त आहे.

त्यासाठी फार मोठी योजना लागत नाही. सत्रारंभी विभागाच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवून इतिवृत्तात नोंदविल्या म्हणजे पुरे : कोणत्या विद्यार्थ्यांची चौकशी कोणी करावयाची, त्यांची नावानिशी वाटणी, प्रत्येक टिपणावर ते सिद्ध करणाऱ्याचे नाव, आणि कोणी सहशिक्षक जाणार असेल, तर त्याचे साहित्य त्याच्या संमतीने कोणाकडे सोपवावयाचे याचा निर्णय. खासगी मजकूर कोणकोण वाचू शकते, हे विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगितले पाहिजे. यंत्रातील मालक कोण, हा प्रश्न मग गौण ठरतो. आणि ‘सहशिक्षक’ या शब्दातील ‘सह’ सहसंपादकातला की सहखातेदारातला, याचे उत्तर ज्या त्या विभागास स्वतःच्या इतिवृत्तातच वाचता येईल.