समा, प्रेक्षक आणि सोबती : कोन्याची गिरकी व मलंगगडाचा उरूस

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांतील मध्यमवर्ग समूहसहलींच्या मार्गाने परदेश पाहू लागला. पश्चिम युरोपनंतर त्याच्या यादीत तुर्कस्तान आले. या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत इस्तंबूलच्या मशिदी आणि कापाडोक्यातील उष्ण हवेच्या फुग्यांबरोबर एक संध्याकाळ दरवेशांच्या गिरकीसाठी राखलेली असे. तिकीट घ्यावे, मंद उजेडाच्या दालनात रांगेने बसावे, पांढऱ्या घोळदार झग्यांतील पुरुषांना तासभर स्वतःभोवती फिरताना पाहावे आणि टाळ्या न वाजवता उठून रात्रीच्या जेवणास जावे, असा तो क्रम होता. मे 2025 मध्ये भारत व तुर्कस्तान यांचे संबंध ताणले गेल्यावर अनेक भारतीय प्रवासी संस्थांनी या सहली थांबविल्या. तथापि तोपर्यंत 'सूफी' म्हणताच गिरकी घेणारा पांढरा झगा डोळ्यांपुढे यावा, इतके ते दृश्य रूढ झाले होते.

ज्या शहरांतून हा प्रवासी निघतो, त्यांच्या क्षितिजावर मलंगगड उभा आहे. गडाच्या खालच्या माचीवर हाजी अब्दुर रहमान ऊर्फ बाबा हाजी मलंग यांचा दर्गा आहे आणि तेथे दरवर्षी उरूस भरतो. कोन्या आणि मलंगगड यांची सरळ तुलना होऊ शकत नाही. पंथ वेगळे, विधी वेगळे, इतिहासही वेगळा. परंतु एक प्रश्न दोन्ही ठिकाणी सारखाच उभा राहतो. विधीच्या जागी बाहेरून आलेला मनुष्य प्रेक्षक आहे, पाहुणा आहे की सोबती आहे, आणि हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

समेच्या तीन अटी

तुर्की उच्चारात 'सेमा' आणि आपल्याकडे 'समा' म्हटला जाणारा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ 'ऐकणे' असा आहे. नृत्य हा त्याचा अर्थ नव्हे. ऐकणाऱ्याचे भान हरपले तर देह हलतो, इतकेच. सूफी ग्रंथांत समेसाठी तीन अटी सांगितल्या जातात : योग्य वेळ, योग्य स्थळ आणि योग्य सोबती. बगदादच्या जुनैद यांच्या नावावर असलेले हे सूत्र इमाम गझाली (मृत्यू 1111) यांनी आपल्या ग्रंथात नोंदविले आहे. तिसरी अट सर्वांत कडक मानली गेली. ज्याला समेची गोडी नाही, जो केवळ पाहण्यासाठी आला आहे, त्याच्या उपस्थितीने बैठक बिघडते अशी ही समजूत होती.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. मुहंमद तुघलकाने 1327 च्या सुमारास दिल्लीतील प्रतिष्ठितांना देवगिरीस हलविले. त्या स्थलांतराच्या काळात हजरत निजामुद्दीन औलिया यांचे शिष्य बुरहानुद्दीन गरीब दक्षिणेत आले. 1337 मध्ये त्यांचे निधन झाले व खुलताबाद येथे त्यांची कबर झाली. समेत देहभान हरपल्यावर त्यांच्या हालचालींची एक खास ढब असे. ती उचलणाऱ्या त्यांच्या शिष्यांना 'बुरहानी' म्हटले जाई. म्हणजे रूमींच्या निधनानंतर अवघ्या साठ-पासष्ट वर्षांत, वेरूळच्या डोंगराच्या माथ्यावर, सूफी नर्तनाची एक स्वतंत्र शैली स्वतःच्या नावाने ओळखली जात होती. तुर्कस्तानातील गिरकी पाहून आलेल्या किती मराठी प्रवाशांनी खुलताबादला जाताना ही गोष्ट ऐकली असेल, हा प्रश्न अप्रस्तुत नाही. वेरूळच्या लेण्यांहून परतणाऱ्या बहुतेक गाड्या खुलताबादला औरंगजेबाच्या कबरीपुरत्याच थांबतात.

वारीतील फुगडी आणि रिंगणही वर्तुळातच फिरतात. तेथे पाहणारा आणि खेळणारा यांच्यात दोरी बांधलेली नसते. कडेला उभ्या असलेल्या माणसाचा हात कोणी धरला की तो फुगडीत ओढला जातो. तिसऱ्या अटीचे हे मराठी उत्तर म्हणता येईल.

कोन्या : बंदीनंतरचा विधी

मौलाना जलालुद्दीन रूमी यांचे 17 डिसेंबर 1273 रोजी कोन्या येथे निधन झाले. त्या रात्रीला 'शब-ए-अरूस', म्हणजे विवाहाची रात्र, असे नाव आहे. भारतीय उपखंडातील 'उरूस' हा शब्दही त्याच धातूपासून आला असून त्याचाही अर्थ विवाह असाच आहे. संताचा मृत्यू म्हणजे प्रियतमाशी मीलन, ही कल्पना दोन्हीकडे एकच. रूमींच्या पश्चात त्यांचे पुत्र सुलतान वलद व पुढील पिढ्यांनी मेवलेवी पंथाला बांधीव रूप दिले आणि गिरकीला क्रम आला. प्रारंभी पैगंबरांची स्तुती, मग नगाऱ्याचा ठोका, मग 'नेय' या वेताच्या बासरीचे एकट्याचे आलाप. त्यानंतर दरवेशांच्या तीन संथ फेऱ्या, काळ्या अंगरख्यांचा त्याग आणि चार 'सलाम', म्हणजे गिरकीची चार आवर्तने. उंच फेल्टची टोपी ही थडग्यावरील शिळा, काळा अंगरखा ही कबर आणि पांढरा झगा हे कफन, असा अर्थ परंपरेने सांगितला जातो. उजवा तळहात आकाशाकडे आणि डावा भूमीकडे. वरून मिळालेले खाली द्यायचे, स्वतःजवळ ठेवायचे नाही.

या तासाभरामागे असलेली तयारी प्रेक्षकाला दिसत नाही. मेवलेवी मठात दाखल होणाऱ्याला 1001 दिवसांची सेवा करावी लागे आणि तिची सुरुवात मुदपाकखान्यात होई. गिरकी शिकताना लाकडी फळीत ठोकलेला खिळा डाव्या पायाच्या बोटांमध्ये धरून त्या आसाभोवती फिरण्याचा सराव करीत.

बाहेरचा प्रेक्षक मात्र आधुनिक पर्यटनाबरोबर आला, असे समजणे चुकीचे ठरेल. इस्तंबूलमधील गलाटा येथील मठ 1491 मध्ये स्थापन झाला. तो युरोपीय वस्तीलगत असल्याने परदेशी प्रवाशांची तेथे फार पूर्वीपासून ये-जा होती. हान्स ख्रिश्चन अँडरसन 1841 मध्ये आणि तेओफिल गोत्ये 1852 मध्ये इस्तंबूलला गेले. दोघांनीही दरवेशांविषयी लिहून ठेवले आहे. पण त्या काळी विधी मठाचा होता, त्याची वेळ मठाची होती आणि प्रेक्षक हा कडेला बसू दिलेला पाहुणा होता. तो आला नसता तरी गिरकी झालीच असती.

हे नाते 1925 मध्ये उलटे झाले. तुर्की प्रजासत्ताकाने 30 नोव्हेंबर 1925 च्या 677 क्रमांकाच्या कायद्याने सर्व सूफी मठ व मजारी बंद केल्या, पंथांच्या पदव्या व पोशाखही निषिद्ध ठरविले. रूमींची समाधी 1927 मध्ये संग्रहालय म्हणून उघडली. त्यानंतर सुमारे पाव शतक गिरकी बंद दारांआड राहिली. 1950 च्या दशकाच्या प्रारंभी कोन्यात रूमींच्या स्मृतिदिनानिमित्त तिला पुन्हा सार्वजनिक परवानगी मिळाली, ती सांस्कृतिक कार्यक्रम म्हणून. आरंभीचे प्रयोग चित्रपटगृहात झाले. पुढे अनेक वर्षे ते क्रीडागृहात होत. 2004 मध्ये मेवलाना सांस्कृतिक केंद्र उभे राहिले. युनेस्कोने 2005 मध्ये या विधीला मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून घोषित केले आणि 2008 मध्ये तो प्रातिनिधिक यादीत आला. प्रेक्षकांसाठी होणाऱ्या अनेक प्रयोगांत व्यावसायिक गरजेपोटी विधी संक्षिप्त व सोपा केला जातो, अशी नोंद त्याच युनेस्कोने केली आहे, हे लक्षणीय होय.

या घटनाक्रमाकडे केवळ ऱ्हास म्हणून पाहणे पुरेसे नाही. मठ बेकायदा असताना गिरकी टिकली, ती प्रेक्षकाच्या आधाराने. विधी म्हणून जे वर्ज्य, ते प्रयोग म्हणून मान्य, या कायद्याच्या फटीतून एक परंपरा जिवंत बाहेर आली. मात्र त्याची किंमत तिसऱ्या अटीने चुकती केली. जो सोबती नाही त्याच्यासाठीच आता बैठक भरू लागली. तेराव्या शतकातील एखाद्या सराईत किंवा जुन्या हमामखान्यात संध्याकाळच्या ठरलेल्या वेळी होणाऱ्या प्रयोगात 'टाळ्या वाजवू नयेत' ही सूचना दिली जाते. प्रेक्षकाला क्षणभर सोबती बनविण्याचा तो उरलासुरला प्रयत्न आहे.

महाराष्ट्रात गिरकी स्वतंत्रपणेही आली. पुण्यात 1974 मध्ये स्थापन झालेल्या रजनीशांच्या आश्रमात ती ध्यानपद्धती म्हणून शिकविली गेली. तेथे पंथ नव्हता, गुरुपरंपरा नव्हती, कुराणपठणही नव्हते. पण बसून पाहणाऱ्याला स्थान नव्हते, एवढे मान्य करावे लागते.

मलंगगड : कोण आपला, कोण परका

1882 च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये मलंगगडाची हकीकत आहे. अरबस्तानातून आलेले हाजी अब्दुर रहमान हे नल राजाच्या काळी या डोंगरावर राहिले, अशी आख्यायिका त्यात दिली आहे. नाथपंथी परंपरेनुसार हेच स्थान मच्छिंद्रनाथांची समाधी होय. या दोन श्रद्धांपैकी कोणती आधीची, हे ठरविण्याइतका समकालीन पुरावा गॅझेटिअरने दिलेला नाही. त्यापुढील कथा मात्र इतिहासाला स्पर्श करते.

1780 मध्ये इंग्रजांनी कल्याण घेतले आणि त्याच वर्षी कॅप्टन अॅबिंग्टनने मलंगगडाच्या माचीवर हल्ला केला. माची पडली, पण मराठ्यांची शिबंदी बालेकिल्ल्यावर सरकली व तिने गड लढविला. 1782 मध्ये सालबाईचा तह झाला. इंग्रजांचे जाणे ही बाबा मलंगांचीच कृपा, अशी लोकांची श्रद्धा बसली. पेशव्यांनी कृतज्ञता म्हणून मोत्यांची झालर लावलेली जरीची चादर कल्याणचे ब्राह्मण काशिनाथपंत केतकर यांच्या हस्ते गडावर पाठविली, असे गॅझेटिअर सांगते. केतकरांनी दर्ग्याची दुरुस्ती केली आणि व्यवस्था त्यांच्या घराण्याकडे राहिली.

1817 मध्ये कल्याणच्या मुसलमानांनी ब्राह्मणाच्या वहिवाटीला हरकत घेतली. प्रकरण कलेक्टरकडे गेले. त्याने निर्णय संतावरच सोपविला, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्या. तीन वेळा चिठ्ठी काशिनाथपंतांच्या प्रतिनिधीच्या बाजूने निघाली आणि तोच वहिवाटदार जाहीर झाला. या हकीकतीत चमत्काराचा अंश किती आणि प्रशासकीय चातुर्य किती, हा भाग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट स्पष्ट दिसते. येथे वाद सोबत्याचाच होता. बाहेरचा ठरविला गेलेला मनुष्य थेट कबरीच्या सेवेत होता आणि तेथेच राहिला.

विसाव्या शतकात हा वाद न्यायालयात पोहोचला. गोपाळ कृष्णाजी केतकर विरुद्ध महंमद जाफर महंमद हुसेन या प्रकरणात 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या संस्थेचे संमिश्र स्वरूप मान्य केले. तिला हिंदू कायदा लागू होत नाही आणि मुस्लिम कायदाही लागू होत नाही. तिची स्वतःची रूढी किंवा विश्वस्त संस्थांविषयीचा सर्वसामान्य कायदा हाच तिला लागू, अशी ती भूमिका होती. दर्ग्याशी संबंधित जमिनीचा दुसरा खटला 1968 मध्ये निकाली निघाला. पक्षकाराने स्वतःजवळील महत्त्वाचा पुरावा दडविल्यास न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकते, या तत्त्वासाठी विधी महाविद्यालयांत तो आजही शिकविला जातो. मलंगगडाचे नाव न घेता तो शिकविला जातो, ही गोष्ट वेगळी.

कालक्रमाचा योगायोग येथे नोंदविण्यासारखा आहे. कोन्यातील गिरकीला तुर्की शासनाने रंगमंचावर परवानगी दिली आणि मलंगगडाला एका धर्माच्या चौकटीत बसविण्यास भारतीय न्यायालयाने नकार दिला, या दोन्ही घटना 1950 च्या दशकाच्या पूर्वार्धातील आहेत. पहिल्या ठिकाणी विधी आणि प्रेक्षक यांच्यात कायद्याने भिंत उभी केली. दुसऱ्या ठिकाणी भिंत कोठे घालावी हेच कायद्याला सापडले नाही, आणि त्याने रूढीकडे बोट दाखविले.

रूढी अर्थातच निर्विवाद राहिली नाही. 1980 च्या दशकात ठाण्याचे शिवसेना नेते आनंद दिघे यांनी हे स्थान मच्छिंद्रनाथांचे असल्याचा आग्रह धरून आंदोलन उभे केले. 1996 मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर जोशी तेथील पूजेस उपस्थित राहिले. जानेवारी 2024 मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी मलंगगडाच्या 'मुक्ती'साठी आपण कटिबद्ध असल्याचे जाहीर केले. त्यावर दर्ग्याशी संबंधित मंडळींनी संमिश्र वारशाची आठवण करून दिली. डोंबिवलीतील एकाच घरात कोन्याच्या गिरकीचे छायाचित्र भिंतीवर असावे आणि मलंगगड हा शब्द उच्चारताच दोन पिढ्यांत वाद पेटावा, ही विसंगती अभ्यासकाच्या नजरेतून सुटू नये. दूरच्या सूफीचे कौतुक करण्यास तिकिटाखेरीज काही द्यावे लागत नाही. जवळच्या सूफीच्या दारात आपण कोण म्हणून उभे आहोत, हे सांगावे लागते.

येथील उरसाची तिथीही याच गुंत्यातून आली आहे. दर्ग्यांचे उरूस सामान्यतः हिजरी मासगणनेने ठरतात आणि म्हणून दरवर्षी ऋतूतून सरकतात. हाजी मलंगांचा उरूस माघ पौर्णिमेला भरतो. त्या दिवसांत चढणीच्या वाटेवर चादर घेऊन निघालेले, नारळ घेऊन निघालेले आणि दोन्ही घेऊन निघालेले लोक एकाच पायऱ्यांनी वर जातात. कव्वालीच्या बैठकीला तिकीट नसते, आसनक्रमांक नसतो. आता पोलिसांचा बंदोबस्त मात्र असतो, आणि आरतीची वेळ व चादरीची वेळ यांचे नियोजन त्यात अगोदर करावे लागते.