'अंडरग्राउंड' : जमिनीखाली कधीच नसलेली रेल्वे

लंडनमध्ये १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन ही जगातील पहिली भुयारी प्रवासी रेल्वे लोकांसाठी खुली झाली. वाफेची इंजिने, गॅसचे दिवे आणि धुराने कोंदलेले बोगदे! 'अंडरग्राउंड' म्हटले की आपल्याला हीच आठवते. मात्र तिच्या आधीच अमेरिकेत याच शब्दाची एक 'रेल्वे' धावत होती. तिला ना रूळ होते, ना बोगदे.

'अंडरग्राउंड रेलरोड' हे दक्षिणेतून निसटलेल्या गुलामांना उत्तरेकडे नेणाऱ्या माणसांचे गुप्त जाळे. आगगाडी तेव्हा नवलाईची. म्हणून तिचीच परिभाषा उचलली गेली. आसऱ्याचे घर ते 'स्टेशन', वाटाड्या तो 'कंडक्टर'. वाट मात्र उघड्या जमिनीवरचीच, रात्रीची, रानावनातून जाणारी. तळघरांच्या आणि भुयारांच्या कथा पुढे जरा जास्तच रंगवल्या गेल्या, असे माझे मत.

हॅरिएट टबमन १८४९ मध्ये मेरीलँडमधून निसटल्या आणि सुमारे १३ वेळा परत जाऊन त्यांनी ७०च्या आसपास माणसे सोडवून आणली. मधल्या काळात १८५०चा कायदा आला. पळालेल्यास आसरा देणाऱ्याला १००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद! उत्तरेची राज्येही सुरक्षित राहिली नाहीत. शेवटचे 'स्टेशन' कॅनडात सरकले.

त्याच वर्षी फिलाडेल्फियात विल्यम स्टिल यांच्यापुढे एक अनोळखी माणूस येऊन बसला. तो स्वतःची किंमत मोजून मुक्त झाला होता आणि चाळीसेक वर्षांपूर्वी दुरावलेल्या आईचा शोध घेत होता. त्याची हकिकत ऐकता ऐकता स्टिल यांना उमगले की हा आपलाच सख्खा भाऊ, पीटर. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाची हकिकत ते नेटाने टिपून ठेवू लागले. ताटातूट झालेल्यांना एकमेकांचा माग लागावा, हा हेतू. ते दफ्तर सापडते तर कित्येक जण पुन्हा बेड्यांत गेले असते. १८७२ मध्ये, गुलामगिरी संपल्यावर, ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

मराठीत या अर्थाला 'भूमिगत' हा शब्द रुळला तो मुख्यतः १९४२च्या आंदोलनाने. उषा मेहतांचे गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र मुंबईत जागा बदलत नोव्हेंबरपर्यंत बोलत राहिले. साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील १९४६ पर्यंत भूमिगत होते. म्हणजे गावोगावच्या घरांत आणि शेतांत, जमिनीच्या वरच.