बैठक, दरबार आणि सफ

इतिहास वाचताना कोण काय बोललं ते आपण पाहतो. तो कुठे बसला होता, की उभा होता, याकडे सहसा लक्ष जात नाही. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाच्या एका घराण्याकडे पाहिलं, तर ही जागाच कधी कधी बोलण्याइतकी महत्त्वाची ठरते.

बखरी सांगतात, लखुजी जाधवांच्या घरी रंगाच्या सणाला बैठक भरली होती. लहानगे जिजाऊ आणि शहाजी शेजारी बसून रंग उडवत होते. जोडा शोभतो, असं लखुजीराव सहज बोलून गेले. मालोजी भोसल्यांनी लगेच उठून साऱ्या बैठकीला साक्ष ठेवलं आणि सोयरीक ठरल्याचं जाहीर केलं. कथेचा शब्दन् शब्द खरा मानायची गरज नाही. पण सांगणाऱ्याला बैठकीची ताकद ठाऊक होती. एका बिछायतीवर बोललेला शब्द सगळे ऐकतात, म्हणून तो मागे घेणं जड जातं. अर्थात तिथेही लोड-तक्के मानाप्रमाणेच मिळत, आणि गावातल्या कित्येकांना ओसरीही चढता येत नसे.

दरबारात बादशहा उंच तख्तावर, आणि बाकीचे हुद्द्यानुसार रांगेत उभे. १२ मे १६६६ रोजी आग्र्यात लखुजीरावांच्या नातवाला, शिवाजी महाराजांना, पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभं केलं गेलं. पुढे जसवंतसिंहांची पाठ दिसताच महाराज संतापले. औरंगजेबाशी बोलणं होण्याआधीच त्या जागेने त्यांना काय ते सांगून टाकलं होतं.

याच जिल्ह्यात रोहिणखेडला १५८२ सालची मशीद आहे. नमाजाच्या सफेत ना तख्त, ना मानाची खुर्ची. खांद्याला खांदा लावून उभं राहायचं. पण ही बरोबरी आपोआप टिकत नाही. इसवी सनाच्या सातव्या शतकातच राज्यकर्त्यांसाठी मशिदीत मकसुरा, म्हणजे वेगळा आडोसा, आला होता. आणि आजही आपल्या बहुतेक मशिदींत बायकांना सफेत जागाच नसते. शिवाय सफेत सगळ्यांची तोंडं किबल्याकडे असतात. माणसं एकमेकांकडे वळतात ती सलाम फेरल्यावर, हलका करून बसल्यावर.

मला हे सगळं आठवतं ते सणांआधीच्या शांतता समितीच्या बैठकांमुळे. समोर टेबल, त्यामागे साहेब, आणि त्यांच्याकडे तोंड करून प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा. एका बाजूला आपले, दुसऱ्या बाजूला ते. दोघेही साहेबांशी बोलतात, एकमेकांशी नाही. ही मांडणी दरबाराचीच आहे. मिरवणुकीच्या रस्त्यावरून उद्या वाद झाला तर ज्यांना तो मिटवायचा आहे, त्यांनी आदल्या दिवशी एकमेकांचे चेहरेही नीट पाहिलेले नसतात.

कायदा न बदलता, एक पैसा खर्च न करता सुधारता येईल अशी ही गोष्ट आहे. पुढच्या बैठकीला जाल तेव्हा खुर्च्या गोल मांडायला सांगा. नाही मांडल्या, तर निदान आपली खुर्ची शेजाऱ्याकडे वळवून बसा.