मेटॅलोथायोनीन
विषारी धातूंपासून कोशिकांचे (पेशींचे) रक्षण करणारे गंधकयुक्त लहान प्रथिन. १९५७ मध्ये एम्. मार्गोशेस व बी. एल्. व्हॅली यांनी घोड्याच्या वृक्काच्या (मूत्रपिंडाच्या) बाह्यकातून हे कॅडमियमयुक्त प्रथिन मिळविले. १९६० मध्ये जे. एच्. आर्. केगी व व्हॅली यांनी त्यास मेटॅलोथायोनीन म्हटले. सस्तन प्राण्यांत त्याच्या सु. ६१ ॲमिनो अम्लांपैकी २० सिस्टीन असतात. त्यांतील गंधक जस्ताचे वा कॅडमियमाचे सात आयन धरून ठेवते. कॅडमियम कोशिकेत शिरल्यास त्याची निर्मिती वाढते. १९९३-९४ मध्ये याची प्रमुख जनुके निष्क्रिय केलेले उंदीर कॅडमियमाच्या विषबाधेस अधिक संवेदनशील ठरले. मात्र बद्ध कॅडमियम वृक्कात वर्षानुवर्षे साचते व प्रथिनाची धारणक्षमता ओलांडल्यास वृक्कनलिकांना इजा करते.