रेव्हरंड जेम्स लॉसन : नागपुरात राहून गेलेला एक सत्याग्रही

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एका अमेरिकन मेथॉडिस्ट धर्मोपदेशकाच्या चरित्राला स्थान कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल, आणि तो रास्तच आहे. स्मरणिकेची पाने बहुधा आपल्याच माणसांच्या आठवणींसाठी राखलेली असतात. परंतु आपण सारी घरापासून दूर आलेली माणसे आहोत. परक्या मुलुखात राहून माणूस तेथे काय देतो आणि तेथून काय घेऊन जातो, हा आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. ज्या गृहस्थांविषयी आम्ही येथे लिहीत आहोत, ते आपले घरदार सोडून सुमारे तीन वर्षे विदर्भात राहिले. पुढे त्यांच्या देशाच्या इतिहासाला जे वळण लागले, त्यात त्यांचा वाटा मोठा होता. तरीही नागपूरकरांपैकी फार थोड्यांना त्यांचे नाव ठाऊक असेल. ही उणीव अंशतः तरी भरून काढावी, हा या लेखाचा हेतू आहे.

जेम्स मॉरिस लॉसन यांचा जन्म २२ सप्टेंबर १९२८ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात युनियनटाऊन येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. त्यांचे बालपण ओहायो राज्यातील मॅसिलन या गावी गेले. वडील मेथॉडिस्ट धर्मोपदेशक होते, तर आई मूळची जमैका बेटावरची होती. वडील धर्मोपदेशक असले, तरी दक्षिणेत काम करताना स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगीत. आईला मात्र कोणत्याही रूपातील हिंसा अमान्य होती. लॉसन लहान असताना आईने त्यांना एकदा काही कामासाठी बाहेर पाठविले. वाटेत उभ्या असलेल्या मोटारीतून एका गोऱ्या मुलाने त्यांना वर्णावरून शिवी दिली. त्यांनी त्याच्या थोबाडीत दिली आणि घरी येऊन ते आईला सांगितले. आई स्वयंपाक करीत पाठमोरी उभी होती. तिने मागे न वळताच विचारले की, यातून चांगले असे काय निष्पन्न झाले? याहून अधिक चांगला मार्ग असलाच पाहिजे, असेही ती म्हणाली. लॉसन यांच्या सांगण्याप्रमाणे त्यांच्या आयुष्याला त्याच दिवशी दिशा मिळाली.

ही दिशा किती पक्की होती, हे लवकरच दिसून आले. महाविद्यालयात असतानाच ते युद्धविरोधी विचारांच्या ‘फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन’ या संस्थेच्या संपर्कात आले आणि गांधीजींचे लेखन त्यांनी वाचले. कोरियन युद्धाच्या काळात सक्तीची लष्करी भरती आली. धर्मशिक्षणाचा विद्यार्थी म्हणून त्यांना सवलत मिळू शकली असती. पण ती मागणे त्यांना अप्रामाणिकपणाचे वाटले. त्यांनी भरतीस सरळ नकार दिला. १९५१ मध्ये त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली आणि त्यातील १३ महिने त्यांनी प्रत्यक्ष तुरुंगात काढले. सुटकेनंतर पदवी पूर्ण करून १९५३ मध्ये ते मेथॉडिस्ट मिशनच्या वतीने नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात रुजू झाले. स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याच्या नावाने १८८३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था. तेथे विद्यार्थ्यांना खेळांचे शिक्षण देणे आणि त्यांच्यात धार्मिक कार्य करणे, असे त्यांच्या कामाचे स्वरूप होते.

त्या काळचे नागपूर जुन्या पिढीच्या वाचकांना आठवत असेल. ते तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांचा तेथे सारखाच वावर होता. जवळच वर्धा, सेवाग्राम आणि पवनार. गांधीजींच्या हत्येला अवघी पाच वर्षे लोटली होती. त्यांच्यासमवेत तुरुंगवास भोगलेली, चरखा चालविलेली, दंडुके खाल्लेली माणसे हयात होती आणि विनोबांची भूदान यात्रा चालू होती. अमेरिकेतील कृष्णवर्णीय नेत्यांना हा परिसर सर्वस्वी अपरिचित होता असेही नव्हे. पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांचे गुरू ठरलेले बेंजामिन मेज १९३६ च्या अखेरीस वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटून गेले होते. परंतु ती भेट अल्पकाळची होती. लॉसन येथे राहिले. सत्याग्रहात प्रत्यक्ष भाग घेतलेल्या माणसांशी ते बोलले. पुस्तकात जे तत्त्व म्हणून वाचले होते, ते येथे त्यांनी एक कार्यपद्धती म्हणून समजून घेतले.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. लॉसन यांना अहिंसा नागपूरने दिली, असे म्हणून आपण आपलीच पाठ थोपटून घेऊ नये. अहिंसेवरील निष्ठा ते बरोबर घेऊन आले होते आणि तिच्यासाठी तुरुंगातही जाऊन आले होते. त्यांना येथे मिळाली ती त्या निष्ठेला शिस्तीची जोड. हे त्यांच्या पंथाच्या परंपरेलाही धरूनच होते. अठराव्या शतकात ऑक्सफर्ड येथे जॉन वेस्ली आणि त्यांचे सहकारी प्रार्थना, अध्ययन, तुरुंगातील बंदिवानांची भेट हे सारे ठरलेल्या पद्धतीने, नेमाने करीत. त्यांची थट्टा म्हणून लोकांनी त्यांना ‘मेथॉडिस्ट’, म्हणजे ‘पद्धतवाले’, म्हटले आणि तेच नाव पुढे पंथाला चिकटले. चळवळीलाही नेम आणि सराव लागतो, ही जाणीव लॉसन यांनी नागपुरात पक्की केली, असे त्यांचे पुढील कार्य पाहता म्हणावेसे वाटते.

डिसेंबर १९५५ मध्ये ‘नागपूर टाइम्स’च्या अंकात त्यांनी एक बातमी वाचली. अमेरिकेतील मॉन्टगोमेरी शहरात कृष्णवर्णीय नागरिकांनी बसगाड्यांवर बहिष्कार टाकला होता आणि किंग नावाचा एक तरुण धर्मोपदेशक त्यांचे नेतृत्व करीत होता. ज्याची आपण आपल्या देशात वाट पाहत होतो ते सुरू झाले, या जाणिवेने लॉसन यांना इतका आनंद झाला की ते मोठ्याने ओरडले आणि टाळ्या वाजवू लागले. १९५६ मध्ये ते मायदेशी परतले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला याच नागपूर शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. मनुष्यत्वाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न पृथ्वीच्या दोन टोकांवर एकाच वेळी ऐरणीवर आला होता.

फेब्रुवारी १९५७ मध्ये ओबर्लिन येथे लॉसन आणि किंग यांची भेट झाली. दोघेही २८ वर्षांचे होते. शिक्षण पूर्ण करून मग दक्षिणेत येईन, असा लॉसन यांचा विचार होता. थांबू नका, आताच या, तुमच्यासारखे दुसरे कोणी आमच्याकडे नाही, असा किंग यांचा आग्रह पडला. त्यानुसार लॉसन टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे गेले. तेथे व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्राचा अभ्यास चालू ठेवून त्यांनी एका मेथॉडिस्ट चर्चच्या तळघरात विद्यार्थ्यांसाठी अहिंसक प्रतिकाराचे वर्ग सुरू केले.

या वर्गांचे स्वरूप समजून घेण्यासारखे आहे. नॅशव्हिलच्या मोठ्या दुकानांत कृष्णवर्णीयांना खरेदी करता येई. पण त्याच दुकानातील उपाहाराच्या कट्ट्यावर बसून खाता येत नसे. तेथे जाऊन शांतपणे बसायचे, असे ठरले. परंतु लॉसन यांनी विद्यार्थ्यांना लगेच तेथे पाठविले नाही. आधी कित्येक महिने तळघरात तालीम चालली. काही विद्यार्थी कट्ट्यावर बसणारे होत. इतर काही जण गुंडांची भूमिका घेऊन त्यांना शिव्या देत, केस ओढीत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडीत, खुर्चीवरून खाली पाडीत. मार बसताना डोके कसे वाचवावे, शेजारच्या सोबत्याला आपल्या शरीराचा आडोसा कसा द्यावा, आणि मारणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून त्याला माणूस म्हणून कसे पाहावे, हे सारे शिकविले जाई. आपल्यापैकी ज्यांनी मंडळाच्या नाटकांच्या तालमी पाहिल्या आहेत, त्यांना तालमीचे मोल सांगावयास नको. या तालमीत मात्र चुकीला शिक्षा होती ती रक्ताची.

१३ फेब्रुवारी १९६० रोजी सुमारे सव्वाशे विद्यार्थी कट्ट्यांवर जाऊन बसले. २७ तारखेला जमावाने त्यांना मारहाण केली. पोलिसांनी पकडले ते मारणाऱ्यांना नव्हे, तर मार खाणाऱ्या ऐंशीहून अधिक विद्यार्थ्यांना. एक तुकडी तुरुंगात गेली की दुसरी तिच्या जागी येऊन बसे. मार्चच्या आरंभी विद्यापीठाने लॉसन यांना काढून टाकले. त्यांची पदवी तेव्हा अगदी नजीक आली होती. निषेध म्हणून धर्मशास्त्र विभागाच्या अधिष्ठात्यासह अनेक प्राध्यापकांनी राजीनामे दिले. १९ एप्रिलला विद्यार्थ्यांच्या वकिलाचे घर सुरुंगाने उडविण्यात आले, तेव्हा हजारो लोक मौन पाळीत नगरसभागृहावर चालून गेले. १० मे रोजी शहरातील सहा कट्टे सर्वांना खुले झाले. या वर्गांतील डायेन नॅश, जॉन लुईस, जेम्स बेव्हेल, बर्नार्ड लाफायेट ही नावे पुढे संपूर्ण देशाला परिचित झाली. त्याच एप्रिलमध्ये स्थापन झालेल्या विद्यार्थ्यांच्या अहिंसक समन्वय समितीचे ध्येयपत्रकही लॉसन यांच्याच लेखणीतून उतरले.

हे वाचताना आम्हांस महाडचे चवदार तळे आठवल्यावाचून राहत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथे ओंजळभर पाणी प्यायले, ते केवळ तहान भागविण्यासाठी नव्हे. नॅशव्हिलचे विद्यार्थीही कट्ट्यावर बसले ते केवळ खाण्यासाठी नव्हे. दोन्हीकडे मागणी एकच होती : आम्हांलाही माणूस म्हणून मोजा.

ती मागणी शब्दशः फलकावर आली ती मेम्फिस येथे. लॉसन १९६२ पासून तेथील सेंटेनरी मेथॉडिस्ट चर्चचे धर्मोपदेशक होते. १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसापासून आडोसा घेण्यासाठी कचऱ्याच्या गाडीत मागे बसलेले दोन सफाई कामगार, एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर, तिच्या यंत्रात चिरडून मरण पावले. १२ तारखेपासून सुमारे १,३०० कामगार संपावर गेले. ‘मी माणूस आहे’ एवढेच शब्द असलेले फलक गळ्यात अडकवून ते मोर्चाने निघत. संपाला पाठिंबा देणाऱ्या नागरिकांच्या कृतिसमितीचे नेतृत्व लॉसन यांच्याकडे होते, आणि त्यांच्याच निमंत्रणावरून किंग मेम्फिसला आले. ४ एप्रिलला तेथेच किंग यांची हत्या झाली. १६ एप्रिलला नगरपालिकेने कामगारांच्या संघटनेला मान्यता दिली आणि वेतनवाढही मंजूर केली.

ज्याला आपण स्वतः बोलावून आणले तो मित्र गेला, हे दुःख लहान नव्हे. परंतु लॉसन यांच्या आचरणातील सलगता त्यानंतरच्या एका प्रसंगात दिसते. किंग यांच्या हत्येबद्दल ९९ वर्षांची शिक्षा भोगणाऱ्या जेम्स अर्ल रे या कैद्याला ते तुरुंगात जाऊन भेटत राहिले. त्याच्या अपराधाविषयी त्यांना शंका होती. १९७८ मध्ये तुरुंगातच झालेला त्याचा विवाहही धर्मोपदेशक या नात्याने त्यांनीच लावला. ज्या पंथाच्या आद्य प्रवर्तकांनी बंदिवानांची भेट हा आपला नेम मानला, त्या पंथाला शोभेल असेच हे वर्तन होते.

१९७४ ते १९९९ ही पंचवीस वर्षे ते लॉस एंजेलिसच्या होल्मन चर्चमध्ये होते. तेथेही हॉटेलांतील नोकर, झाडलोट करणारे कामगार, स्थलांतरित यांच्या बाजूने ते उभे राहिले. ज्या विद्यापीठाने त्यांना हाकलले होते, त्यानेच पुढे क्षमा मागितली आणि २००६ मध्ये त्यांना सन्मानाने अध्यापनासाठी बोलाविले. राग न धरता ते गेले. जुलै २०२० मध्ये आपले शिष्य जॉन लुईस यांच्या अंत्यविधीच्या वेळी नव्वदी ओलांडलेल्या या गुरूने भाषण केले. ९ जून २०२४ रोजी वयाच्या ९५ व्या वर्षी ते निवर्तले.

या चरित्रापासून आपण काय घ्यावे? नागपूरचा अभिमान जरूर घ्यावा, पण तेवढ्यावर थांबू नये. आपल्या देशात हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदे झाले. तरीही गटारात उतरलेल्या माणसांच्या मृत्यूच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. आपल्या कार्यालयाच्या दाराशी सणाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जो कचरा उचलतो, त्याचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? तीन वर्षांचा पाहुणा आपल्या मुलुखातून सत्याग्रहाची शिस्त घेऊन गेला आणि सफाई कामगारांच्या पाठीशी उभा राहिला. आपण येथे पन्नास वर्षे राहिलो आहोत. पुढील पन्नास वर्षांच्या आरंभी त्या माणसाचे नाव विचारण्यापासून सुरुवात केली, तर या पाहुण्याचे ऋण थोडे तरी फिटेल, असे आम्हांस वाटते.